घेणाऱ्याचा काटा

पुणे
१२ डिसेंबर २०१७

ती. देवीलाल मामांस,
जय सेवालाल.

फोनवर बोलायचं नाही असं तुम्ही ठरवून टाकलं, म्हणून हे पत्र. तुम्हाला कमी ऐकू येतं हे खरं. पण तुमच्याशी ओरडून बोललं की अख्ख्या तांड्याला माझी बातमी कळते हेही खरं. मागच्या वेळी माझं पोट बिघडल्याचं थेट तांड्याच्या प्रमुखापर्यंत, नायकापर्यंत गेलं असं मामीनं सांगितलं. पत्रच बरं.

आता मी पैसे घेऊन लढणारा बॉक्सर झालो. परवा पहिली लढत झाली, चार फेऱ्यांची. गुणांवर जिंकलो. समोरचा मणिपूरचा होता, हात फार जलद. माझं नाक सुजलंय, मोडलेलं नाही. याडीला यातलं फक्त जिंकल्याचं सांगा, आईचं मन आहे.

लढतीपेक्षा आदल्या दिवशीचं वजन अवघड असतं. माझा गट फ्लायवेट, म्हणजे पन्नास किलो आणि वर आठशे ग्रॅम. काट्यावर आकडा त्यापुढे गेला की सगळी मेहनत पाण्यात. शेवटच्या दिवशी पाणीही बंद. तोंडात गोळी चघळत ठेवतात आणि डब्यात थुंकत बसतात, तेवढंच वजन उतरतं. आम्ही चौघं एका खोलीत भिंतीला टेकून थुंकत बसलो होतो. कोणी पाहिलं असतं तर दवाखान्यात नेलं असतं.

मामीला नमस्कार.

तुमचा भाचा
बादल


मोहातांडा, ता. केळापूर
२९ डिसेंबर २०१७

चि. बादल यास देवीलाल मामाचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमननं आधी वाचलं असावं, कारण देताना तो नाकाकडे हात नेऊन हसत होता. तुझ्या याडीला जिंकल्याचं सांगितलं. तिनं विचारलं, "नाक कसं हाय?" मी म्हटलं, जाग्यावर हाय.

नायकांना मात्र तुझा धंदा पटत नाही. म्हणाले, "पोट्टं उपाशी राह्यते, वरून मार खाते, अन् त्याचे पैसे देणारा कोन येडा हाय?" मी म्हटलं, असे येडे पुण्यात पुष्कळ आहेत, म्हणून तर त्याला तिथं पाठवला.

इथं कापूस जोरात आहे. पहाटेपासून अंगणात बैलगाड्या आणि छोटे हत्ती टेम्पो लागलेले असतात. तांड्याचा सगळा कापूस मी मोजून विकत घेतो आणि पांढरकवड्याच्या जिनिंगला पाठवतो. तुझ्या याडीचा नेहमीप्रमाणे सगळ्यात आधी घेतला, तिला रांगेत उभं केलं नाही. दिवसभर गाठोडी काट्यावर चढवायची आणि आकडा ओरडायचा, हे माझं काम. आता भाच्यालाही कोणी तरी चढवतं आणि ओरडतं. घराण्याचा धंदा तू पुढे नेलास म्हणायचा.

पण पन्नास किलो म्हणजे काय रे? तुझा बाप गेला तेव्हा तू सात वर्षांचा होतास. माझ्या खांद्यावर बसून सेवालाल जयंतीला आलास तेव्हाही तू मला जड लागला होतास. काही खात जा.

तुझा
मामा


पुणे
३ सप्टेंबर २०१९

ती. मामांस, जय सेवालाल.

फोटो सोबत पाठवलाय. कमरेला आहे तो पट्टा. देशातला आहे, बाहेरचा नाही, पण नायकांना तेवढं बारीक सांगायची गरज नाही.

मी फ्लायवेट सोडला. हाडं वाढली, पन्नासात मावेनात. आता साडेत्रेपन्न, बँटमवेट. बँटम म्हणजे लहान जातीचा कोंबडा, हे कोचनं सांगितलं. तीन किलो वर आलो तर जग बदललं. समोरचा मारतो तेव्हा ते पायाच्या नखापर्यंत कळतं. पण मी पण मारतो. पट्ट्याच्या लढतीत सहाव्या फेरीत तो गुडघ्यावर बसला आणि उठलाच नाही. त्याला उचलताना त्याचे डोळे उघडे होते. मला वाईट वाटलं, पण फार वेळ नाही.

पुढच्या वर्षी सत्तावन्नात जायचं म्हणतात. त्याला फेदरवेट म्हणतात, फेदर म्हणजे पीस. पीस कोंबड्यापेक्षा जड कसं, हे मला विचारू नका.

बादल


मोहातांडा
१० फेब्रुवारी २०२१

चि. बादल यास आशीर्वाद.

दीड वर्ष तुझं पत्र नाही. रोगराईत सगळंच बंद पडलं, तुझ्या लढतीही बंद पडल्या, हे समजतं. पण तू वणीला कोळशाचा टिप्पर चालवतोस हे मला दुसऱ्याच्या तोंडून कळावं, हे बरं नाही. तुझ्या याडीला माहीत होतं आणि तिनं मला सांगितलं नाही. म्हणाली, "त्याले लाज वाटते."

लाज कसली? आपले आजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडले. तू कोळसा लादतोस. फक्त एवढं कर, हाताला जप. टिप्परचा फाळका बोटावर पडला तर पीस आणि कोंबडा दोन्ही गेले.

मामा


वणी
१ मार्च २०२१

ती. मामांस,

हात ठीक आहेत. माझं वजन आता सत्तर आहे. खाणीच्या काट्यावर रोज टिप्पर चढतो, मी चढत नाही.

लाज टिप्परची नव्हती. मी तीन महिने एक ठोसा मारला नव्हता, त्याची होती. आता पहाटे पळतो. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत अमरसिंग सर म्हणून फौजेतले जुने बॉक्सर आहेत. त्यांनी बंद पडलेली एक शेड घेऊन तिथं रिंग टाकलीय. "ये, झोपाले जागा हाय, जेवाचं तुझं तू पाह्य," असं म्हणाले. जातो.

बादल


लोहारा, यवतमाळ
१८ मार्च २०२४

ती. मामांस, जय सेवालाल.

पेपरात वाचलं असेलच. सरांच्या हाताखाली जिंकलेला फेदरवेटचा पट्टा मी सोडला. कोणी घेतला नाही, मीच सोडला, कारण सत्तावन्नात उतरायला आता कातडी काढून ठेवावी लागते. आता लाइटवेट. एकसष्ट किलो दोनशे ग्रॅम. मे महिन्याच्या शेवटी बेंगळुरूला लढत ठरलीय आणि ती आशियाच्या पट्ट्यासाठी आहे. तीन वेगळ्या गटांत पट्टा घेतलेला आपल्या बाजूचा तरी कोणी नाही. मी सत्तावीस वर्षांचा झालो, मामा. अशी लढत पुन्हा मिळेल असं सर सांगत नाहीत आणि मी विचारत नाही.

इथं एकच अडचण आहे. शेडमधला काटा स्प्रिंगचा आहे, अंगठ्यावर जोर दिला की दोन किलो कमी दाखवतो. म्हणून मी शेजारच्या दालमिलमध्ये जाऊन वजन करतो. हमाल लोक मला पोत्यांच्या मध्ये चढवतात आणि "तुरीची दाल, नंबर एक" असं ओरडतात. रोज तेच. पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं.

बादल


मोहातांडा
६ एप्रिल २०२४

चि. बादल यास आशीर्वाद.

तुझं पत्र मी तुझ्या मामीला वाचून दाखवलं, तिथंच चुकलं. दालमिलचं ऐकून ती पेटली. म्हणाली, "आपला काटा छपरीत झाकून पडला हाय, दिवाळीपर्यंत त्याचं काय काम? देऊन टाका पोराले." मी म्हटलं, नाजूक वस्तू आहे, रस्त्यात हादरे बसतील. तर म्हणाली, "कापसाचे गाठोडे आदळता तवा नाजूक नसते काय?" लखीराम टेम्पोवाला बाजूलाच बसला होता, तो म्हणाला, मी उद्याच यवतमाळला चाललो. चार माणसांसमोर नाही कसं म्हणू?

तर काटा पाठवतोय. इलेक्ट्रॉनिक आहे, पण जुना झालाय. त्याच्यावर फार भिस्त ठेवू नकोस. दालमिलचाही बघत जा अधूनमधून.

मामा


लोहारा
२१ एप्रिल २०२४

ती. मामांस,

काटा पोचला. लखीरामनं गोधडीत गुंडाळून आणला होता, बाळंतिणीसारखा. रिंगच्या बाजूला ठेवलाय. मामीला सांगा, तिच्यामुळे माझी तुरीच्या डाळीतून सुटका झाली.

आणि एक आनंदाची गोष्ट. दालमिलचा काटा मला सव्वा किलो जास्त दाखवत होता! मी रोज तेवढा जास्त उपाशी राहत होतो. पण त्यात नवल काय? विकणाऱ्याचा काटा, तो जास्तच दाखवणार. मी हमालांना जाऊन सांगितलंसुद्धा, की आता माझ्या मामाचा काटा आलाय, तुमचा मारलेला काटा तुमच्यापाशी ठेवा. त्यांना राग आला. आता तिकडे जात नाही.

बादल


मोहातांडा
२९ एप्रिल २०२४

चि. बादल,

पत्र वाचलं. लगेच लिहितोय.

दालमिलवाल्यांशी भांडायला नको होतं. मोठे लोक आहेत ते, त्यांचे काटे तपासलेले असतात. तू असं कर, आकडा काही का येईना, त्याच्यापेक्षा दीड किलो जास्त उतरव. हाताशी असलेलं बरं. एकसष्ट पाहिजे ना, तू साठाच्या खाली जा. उन्हाळ्यात घामानं आपोआप होईल. मी मोठा माणूस आहे, काही विचार करूनच सांगतो.

बेंगळुरूला दोन दिवस आधी जा. तिथल्या काट्यावर चढून बघ.

इकडे सगळं ठीक. तुझी याडी बरी आहे.

मामा


लोहारा
१४ मे २०२४

ती. मामांस,

तुम्ही आमच्या सरांपेक्षा वाईट निघालात. सतरा सालच्या पत्रात "काही खात जा" म्हणत होता, आता म्हणता साठाच्या खाली जा. मामा, या धंद्यात जेवढं सांगितलं तेवढंच उतरवायचं असतं. फुकटचा दीड किलो उतरवला तर तो पायातून जातो, आणि दहाव्या फेरीत पाय लागतात.

काळजी करू नका. तुमच्या काट्यावर मी अगदी वेळेवर उतरतोय. सरांनाही मी सांगून टाकलं, हा घरचा काटा आहे, याच्यावर डोळे मिटून चालायचं. विमान आदल्या संध्याकाळचं आहे. त्याआधी जायचं तर हॉटेलचा खर्च आपल्या अंगावर येतो.

आता पत्र लिहीत नाही. पट्टा घेऊन तांड्यातच येतो.

बादल


लोहारा
१९ जून २०२४

ती. मामांस,

पट्टा नाही. पेपरात जेवढं आलं त्यापेक्षा जास्त लिहितो, कारण याडी तुम्हालाच विचारेल.

विमान नागपूरलाच रात्रभर अडकलं. सकाळी उतरून सरळ वजनाला गेलो. माझ्या मनात काही भीती नव्हती. निघताना तुमच्या काट्यावर एकसष्टाला थोडा कमीच होतो, म्हणून वाटेत एक नारळपाणीही प्यालो होतो. तिथल्या काट्यावर बासष्ट किलो सहाशे आले. मी म्हटलं, काटा चुकलाय. त्यांनी दुसरा आणला. तोच आकडा. मी मोठ्यानं म्हणालो, मी माझ्या मामाच्या काट्यावर वजन करून आलोय. सगळे हसले. त्यांनी दोन तास दिले. मी रेनकोट घालून दोरीवर उड्या मारल्या, गरम पाण्यात बसलो, शेवटी सरांनी केस कापले. तरी तीनशे ग्रॅम राहिले. मग त्यांनी सांगितलं की लढायचं तर लढ, पण जिंकलास तरी पट्टा तुला मिळणार नाही.

लढलो. करार होता. अंगात पाणी नव्हतं. सातव्या फेरीत पडलो, उठलो, परत पडलो. पुढचं आठवत नाही. लघवीतून रक्त गेलं म्हणून पाच दिवस दवाखान्यात ठेवलं. मूत्रपिंडाला मार बसलाय. पाणी तोडून वजन उतरवायचं आता कायमचं बंद, असं डॉक्टरनं लिहून दिलंय. म्हणजे एकसष्टात मी पुन्हा उतरणार नाही. तो पट्टा संपला.

याडीला दवाखान्याचं सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

बादल


मोहातांडा
२७ जून २०२४

चि. बादल यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस जेवलो नाही. तुझ्या मामीनं विचारलं तर पोट बिघडलं म्हणालो.

मला वाटतं, विमानामुळे झालं असावं. उंचावर गेलं की अंगात वारा भरतो, वजन वाढतं. नारळपाणीही प्यायला नको होतं. शिवाय तिकडच्या लोकांचा काय भरवसा? त्यांना त्यांच्या माणसाला पट्टा द्यायचा असेल. दोन काटे आणले म्हणजे काय झालं, दोन्ही त्यांचेच.

तू इकडे ये. मामी तुला बकऱ्याची सळोई करून घालेल. महिनाभर राहा. तुझ्या याडीला मी दवाखान्याचं सांगितलं. ती शेळी सोडून रानात गेली.

काटा सवडीनं पाठव. घाई नाही.

मामा


लोहारा
२२ सप्टेंबर २०२४

ती. मामांस,

उत्तराला उशीर झाला. मुद्दाम केला.

दवाखान्यातून आल्यावर सरांनी मला तपासणीची वीस किलोची शिक्क्याची वजनं आणून दिली. तुमच्या काट्यावर तीन ठेवली. साठच्या जागी एकोणसाठला कमी दाखवलं. सर म्हणाले, "विकणाऱ्याचा काटा जास्त दाखवते, हे तुले समजलं. मंग घेणाऱ्याचा काय दाखवीन?" मी वजनं एकेक करून खाली उतरवली. सर चहा करायला गेले.

दुरुस्तीवाल्यानं उघडून पाहिला. बिघडलेला नव्हता, असाच लावून ठेवलेला होता, असं तो म्हणाला.

मी काटा सरळ करून घेतला, वजनमाप खात्याचा शिक्का मारून घेतला. लखीराम घेऊन येईल. मी तांड्यात कोणाला काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. पण यापुढे घरी आलो की आधी काट्यावर उभा राहीन. मला माझं वजन नेहमी माहीत असतं.

तुमचं एप्रिलचं पत्र परत काढून वाचलं. दीड किलो जास्त उतरव म्हणालात. आता वाचलं की कळतं.

मला फार राग आला आहे, मामा. बापाच्या जागी तुम्ही होता, म्हणून तो कुठे काढावा तेही समजत नाही.

बादल


मोहातांडा
६ नोव्हेंबर २०२४

चि. बादल यास आशीर्वाद.

काटा आला. दसऱ्यापासून त्याच्यावरच घेतोय. मी त्याला हात लावलेला नाही. लोक खूश आहेत. म्हणतात, यंदा पाऊस वेळेवर पडला, कापसात दम आहे. नायकांनी तर चारचौघांत माझ्या पाठीवर थाप मारली. मी खाली बघत उभा राहिलो.

तुझी याडी कापूस घेऊन आली तेव्हा आकडा ऐकून ती थांबली. शिक्का नवा दिसला म्हणून तिनं विचारलं, काटा कुठं गेला होता? मी काही बोलायच्या आत तुझ्या मामीनं कौतुकानं सांगून टाकलं, की उन्हाळाभर लोहाऱ्याला होता, तुझ्या पोराच्या वजनासाठी आम्हीच पाठवला होता. तुझी याडी रिकामं गाठोडं घडी करून निघून गेली.

रविवारी भाऊबीज होती. आजवर ती एकदाही चुकली नाही. तुझा बाप गेला त्या वर्षीही ताट घेऊन आली होती. मी नवीन धोतर नेसून पाटावर बसून राहिलो. दिवे लागले तरी आली नाही. मग मीच गेलो. ती चुलीपाशी होती, वर बघितलं नाही.

म्हणाली, "देवी, कापसाचं मले कवाचं माहीत हाय. बोझा मीच डोक्यावर आणते ना. भाऊ हाय म्हणून बोलली नाही, अन् मरेपर्यंत बोलली नसती. पण माह्या पोराले त्या काट्यावर काहून उभं केलं तू?"

मी म्हटलं, मी त्याला लिहिलं होतं, दीड किलो जास्त उतरव म्हणून.

ती म्हणाली, "काटा मारेल हाय, येवढंच लिहाचं होतं."

मी तिथून उठून आलो. ओवाळणीचे पैसे तसेच खिशात राहिले. तुला काय लिहायचं असेल ते लिही.

मामा


लोहारा
३ डिसेंबर २०२४

ती. देवीलाल मामांस, जय सेवालाल.

पत्र मिळालं. पंधरा दिवस विचार केला.

डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, उपाशी न राहता लढण्याच्या अटीवर. त्यामुळे मी आणखी वर सरकलो. साडेत्रेसष्ट किलो. फेब्रुवारीत नागपूरला आठ फेऱ्यांची लढत आहे. पट्टा वगैरे काही नाही. समोरचा माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे आणि पाच वर्षांनी लहान. सर म्हणतात, हरशील, पण चांगला हरशील. मी म्हटलं, बघू.

याडी येते म्हणालीय. तिनं माझी एकही लढत पाहिलेली नाही, पण आता म्हणते, "मले पाहू दे तुले कुठं कुठं मारते." तिला लखीराम घेऊन येईल. त्याच टेम्पोत तुम्ही आणि मामी पण या.

राग गेला म्हणून बोलावत नाही. तो आहेच. पण रिंगमध्ये उतरलो की मी आधी आपल्या माणसांच्या खुर्च्यांकडे बघतो. पहिल्या लढतीपासून तिथं कोणी नव्हतं, आणि या वेळी एकटी याडी असली तरी मला तुमची जागा रिकामी दिसेल. मला ती रिकामी बघवणार नाही.

पहिल्या रांगेत तीन खुर्च्या सांगून ठेवल्या आहेत. याडी तुमच्याशी बोलेल असं मी म्हणत नाही. मधल्या खुर्चीवर मामीला बसवा.

तुमचा
बादल